बोलेल हळूहळू?

“बोलेल हळूहळू, त्याचा बापही उशिराच बोलला होता.” कारंजा (घाडगे) येथे राहणारी माझी भाची आपल्या दोन वर्षांच्या लेकाविषयी हेच ऐकत आली. या बोलण्यात माया असते; पण त्यात मोलाचे महिने निघून जातात. साधारणतः दीड वर्षापर्यंत बाळ आधाराविना चालू लागते, दोन वर्षांचे होता ‘आई, पाणी’ असे दोन शब्द जोडते. बोलणे लांबल्यास प्रथम कान तपासावेत. जो शब्द ऐकूच आला नाही, तो ओठांवर कसा येणार? फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील बालकांना वर्षातून दोनदा तपासतात. त्यांनाच प्रथम शंका आली आणि ती खरी ठरली. आज श्रवणयंत्र लावून तो ‘आई, ये’ म्हणतो. धीर अवश्य धरावा. मात्र तपासणी करून धरावा.