सफारीच्या आदल्या दिवशी

'सफारी' हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे सिंह, हत्ती आणि जिराफ उभे राहतात. परंतु पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ 'प्रवास' एवढाच आहे. अरबीतून आपल्याकडे आलेला 'सफर' हा शब्द त्याचा सख्खा भाऊ. श्वापदे दिसोत वा न दिसोत, माणूस घराबाहेर पडला की त्याची सफारी सुरू झाली. टांझानिया देशात गेलो असता आम्हांस याचा प्रत्यय एका दिवसात आला, आणि त्या दिवशी आम्ही एकही सिंह पाहिला नव्हता.

मेरू पर्वताच्या पायथ्याशी आरुशा नावाचे शहर आहे. जुलै महिना हा तिकडे थंडीचा. शहराबाहेरील मैदानात तंबू ठोकून आम्ही रात्र काढली होती. आमचे वाहन म्हणजे बाके बसविलेली एक मोठी लॉरी, आणि सोबती पाच-सहा देशांतील पंधराएक माणसे. एक सारथी व एक आचारी सोडल्यास नोकरचाकर कोणी नाही. ज्याचा तंबू त्याने उभारावा, ज्याची पाळी त्याने कांदे चिरावेत. ताटे विसळून झाली की ती फडक्याने पुसावयाची नाहीत. सर्वांनी हातात धरून वाऱ्यावर हालवून वाळवावयाची, म्हणजे एकाच्या फडक्याचा रोग दुसऱ्यास लागत नाही. घरी चुलीकडे न फिरकणारे आम्ही ताटे हालवीत उभे आहोत, हे पाहून आमच्या पत्नीस हसू आवरेना. आचारी तिला आदराने 'मामा' म्हणे. त्यांच्या भाषेत मामा म्हणजे आई! आम्हांस मात्र तो 'बाबा' म्हणे, त्यात काही बदल करावयास नको होता.

न्याहारी आटोपून आम्ही पश्चिमेची वाट धरली. माकुयुनी येथे मुख्य रस्ता सोडून उजवीकडे वळल्यावर दोन्ही बाजूंस बाभळीची विरळ झाडे आणि पिवळे गवत. तेथे मासाई लोकांची गुरे रस्ता ओलांडीत होती, म्हणून लॉरी थांबली. लाल वस्त्र पांघरलेला दहा-बारा वर्षांचा एक पोर काठी खांद्यावर टाकून सावकाश चालत होता. अर्धा तास गेला. मागून कोणीतरी कुरकुरले, "गुरे पाहावयास आम्ही एवढा पैसा खर्चिला काय?" खरे सांगावयाचे तर आमच्याही मनात तेच आले होते.

दुपारी आम्ही म्तो-वा-म्बू या गावी मुक्कामास पोहोचलो. या नावाचा अर्थ 'डासांची नदी', आणि मच्छरदाणी आणल्याबद्दल आम्ही देवाचे आभार मानले. गाव मात्र मोठे रम्य. पाठीशी कड्याची उंच भिंत. तिच्यावरून उतरणारे पाणी पाटांनी शेतात आणलेले. भाताची खाचरे आणि केळीच्या बागा पाहून क्षणभर आपण कोकणात आहोत असेच वाटले. बाजारात लाल सालीची केळी मिळाली.

रात्री शेगडीपाशी बटाटे सोलीत बसलो असता आचाऱ्याने आपली हकीकत सांगितली. तो मासाई. त्याच्या आजोबांचा जन्म सेरेंगेटीच्या मैदानात झाला. 1959 साली इंग्रज सरकारने ते मैदान केवळ श्वापदांसाठी राखले आणि मासाईंना शेजारच्या ङोरोंगोरो प्रदेशात नेले. येथे गुरांसह सुखाने राहा, असे त्यांस सांगण्यात आले. तेथेच सुमारे 19 किलोमीटर रुंद आणि 600 मीटर खोल असे ज्वालामुखीचे विवर आहे. तेच पाहावयास आम्ही दुसऱ्या दिवशी निघणार होतो. 1974 साली त्याच्या तळातील वस्तीही उठली. 1959 साली त्या प्रदेशात सुमारे 8,000 माणसे होती. पुढे ती लाखाच्या घरात गेली. गुरे व माणसे फार झाली, श्वापदांस धोका आहे, असे सरकारचे म्हणणे. म्हणून 2022 सालापासून शेकडो किलोमीटर दूर म्सोमेरा येथे कुटुंबे हलविली जात आहेत. हे खुशीचे स्थलांतर आहे असे सरकार सांगते. दवाखाने व शाळा यांचा पैसा आटवून आम्हांस जावयास भाग पाडतात, असे अनेक मासाई सांगतात. आचाऱ्याचा धाकटा भाऊ गेला. म्हातारी आई जावयास तयार नाही.

मग त्याने विचारले, "बाबा, तुमच्या देशातही जनावरांसाठी माणसांना उठवितात काय?"

आमच्या हातातील बटाटा तसाच राहिला. आम्ही ग्वाल्हेरचे. आमच्या घरापासून काही तासांच्या वाटेवर कुनोचे अरण्य आहे. गीरचे सिंह आणावयाचे म्हणून तेथून 24 गावे उठविली गेली. त्यांत बहुतेक सहरिया आदिवासी होते. सिंह आले नाहीत. 2022 साली आले ते नामिबियाचे चित्ते. त्या वेळी वृत्तपत्रांतील चित्रे आम्ही नातवंडांना मोठ्या कौतुकाने दाखविली. ती 24 गावे कोठे गेली, त्यांच्या नव्या शेतांस पाणी आहे की नाही, हे मात्र इतक्या वर्षांत एकदाही कोणास विचारले नाही.

"होय, उठवितात," एवढेच आम्ही म्हणालो. त्याने मान डोलविली आणि भाजीत मीठ घातले.

वाचकहो, वन्य पशू राखावेत याविषयी आमच्या मनात शंका नाही. ते गेले तर सृष्टीचे सौंदर्यच उणे होईल. परंतु त्यांच्या रक्षणाची किंमत कोण भरतो, हे पाहणाऱ्याने निदान ठाऊक करून घ्यावे. तिकिटाचा पैसा आम्ही दिला होता. घर दुसऱ्या कोणी दिले होते.

उजाडण्यापूर्वी तंबूबाहेर हाक आली, "मामा, बाबा, चाय!" हा शब्दही आपलाच. कड्यापलीकडे विवराकडे नेणाऱ्या जीपगाड्या उभ्या होत्या. वाटेत पुन्हा गुरे आडवी आली. या खेपेस आम्ही खाली उतरलो आणि तो कळप पुरता ओलांडून जाईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे राहिलो.