एकाच गुडघ्याचं दुखणं

माझी धाकटी बहीण तासगावला दिलेली. तेव्हा वय एकतीस. उजवा गुडघा दुखायला लागला. द्राक्षाच्या हंगामात दिवसभर उभ्यानं काम, त्यामुळे कुणाला वेगळं काही वाटलं नाही. डॉक्टरांनी संधिवाताच्या गोळ्या दिल्या. संधिवातासाठीची आरए फॅक्टर ही रक्ततपासणी निगेटिव्ह आली, तरी गोळ्या चालूच. कुणी निर्गुडीचा पाला शेकायला सांगितला, कुणी तेल चोळायला. दुखणं थोडं दबायचं, पुन्हा वर यायचं.

ती माहेरी आली तेव्हा रात्री झोपेतून उठून गुडघा धरून बसलेली मी पाहिली. कामानं सांधा दुखतो हे समजतं, पण पडून असतानाही? हात लावला तर वाटीखाली, बाहेरच्या अंगाला फुगीर आणि कोमट लागलं. डावा गुडघा अगदी साफ. दुसऱ्याच दिवशी सांगलीत एक्स-रे काढला. नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, सांध्याच्या लगत, हाड पोखरल्यासारखा काळा डाग. इतके महिने कुणी साधा एक्स-रे काढला नव्हता, याचा मला अजून राग येतो.

सांगलीच्या हाडांच्या डॉक्टरांचे मात्र आमच्यावर उपकार आहेत. ते म्हणाले, "ही गाठ दिसतेय, पण बायॉप्सी इथं नको. जिथं ऑपरेशन होणार, तिथंच करा." सुई जिथून आत जाते त्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडू शकतात. म्हणून ती वाट पुढच्या ऑपरेशनच्या छेदातच यावी लागते. चुकीच्या जागी टोचलं तर पुढचं ऑपरेशन अवघड होऊन बसतं.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं दादरला उतरलो आणि परळला टाटा रुग्णालयात केस पेपर काढला. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. तिथं भेटणारी माणसंच कुठली रांग कुठे, हे सांगतात. रिपोर्ट आला: जायंट सेल ट्यूमर. कॅन्सर नाही म्हटल्यावर मी जिन्यात जाऊन रडून घेतलं. पण डॉक्टरांनी लगेच सावध केलं. ही गाठ बहुतेक वीस ते चाळीस या वयात, सांध्याजवळच होते. कॅन्सर नसली तरी हाड खाते, काढल्यावर परतही येते. क्वचित फुफ्फुसात जाते, म्हणून छातीही तपासली.

डेनोसुमॅब नावाच्या इंजेक्शनबद्दल मी वाचलं होतं. अमेरिकेत 2013 साली या गाठीसाठी त्याला मान्यता मिळाली. त्यानंच भागणार नाही का, असं मी विचारलं. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. इंजेक्शननं गाठीभोवती नवं हाड धरतं, दुखणंही कमी होतं. पण त्याच हाडाच्या आड पेशी दडून राहतात. हे इंजेक्शन देऊन मग गाठ खरवडलेल्या रुग्णांत ती परत येण्याचं प्रमाण जास्त असल्याचं अभ्यासांत दिसलंय. सांधा तसाही वाचण्यासारखा होता, म्हणून ते टाळलं.

ऑपरेशनमध्ये गाठ खरवडून काढली, पोकळीच्या भिंती वेगानं फिरणाऱ्या यंत्रानं घासल्या आणि आत बोन सिमेंट भरलं. ते घट्ट होताना तापतं, त्यानंही उरल्यासुरल्या पेशी मरायला मदत होते. भरीव आधार मिळाल्यानं पाय लवकर टेकता आला.

मला सगळ्यात जड गेलं ते घरी आल्यावरचं. गुडघा वाकवताना ती कळवळायची आणि मी व्यायाम थांबवायला निघायचे. फिजिओथेरपिस्टनं मला चक्क खोलीबाहेर बसवलं. आता ती चालते, गाडी चालवते. मांडी घालून बसणं बंद, घरात कमोड बसवला. सांध्याची गादी गाठीला लागूनच असल्यानं पुढे याच गुडघ्यात झिजेचा संधिवात होऊ शकतो, हेही डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय.

ऑपरेशननंतरची पहिली दोन-तीन वर्षं जपायची. तपासणीला जाताना जुने एक्स-रे सगळे न्यायचे, कारण नवा त्यांच्याशेजारी लावून बघतात. सिमेंट पांढरं दिसतं. त्याच्या कडेची काळी रेघ रुंदावत गेली, तर गाठ परत आल्याची शंका. छातीचाही एक्स-रे असतोच. गेल्या खेपेला दोन्ही ठीक होते. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.