आजींचा नेम

सांगलीच्या पेठेतील किराणा दुकान नातवाच्या हाती आले, तेव्हा हळद, धणे आणि ओव्याच्या शेजारी ओरेगॅनोची बरणीही मांडली गेली. आजींनी चिमूटभर पाने तळहातावर चोळून हुंगली आणि त्या म्हणाल्या, "अरे, हा तर आपला ओवाच!"

वासापुरते ते खरेच होते. ओवा हे बी, तर ओरेगॅनो हे भूमध्य सागराकाठच्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या, तुळशीच्या कुळातील झुडपाचे पान. तरीही ओव्याला उग्रपणा देणारे थायमॉल या पानातही आढळते. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या त्या घरात सुनेला ते विशेष उपयोगी पडले. टोमॅटोचा रस आटत आला की वाळलेली पाने बोटांनी चुरडून ती त्यात घाली. ताज्या पानांच्या एक-तृतीयांश एवढीच पुरत. शंभर ग्रॅम वाळलेल्या पानांत सुमारे १६०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. परंतु लहान चमचाभर पाने म्हणजे जेमतेम १ ग्रॅम. लोह आणि के जीवनसत्त्वही त्याच बेताने मिळते. म्हणून ती ते चवीसाठीच वापरी.

एका संध्याकाळी घरातील पाने संपली. नातवाने दुकानातून तयार पुडी आणली. पिझ्झाचा तुकडा आजींच्या ताटात वाढण्यापूर्वी सुनेने पुडी उलटून पाहिली. पुढे 'ओरेगॅनो' ठळक होते, 'सीझनिंग' बारीक. मागे घटकांत कांदा पावडर आणि लसूण पावडर. हिरवा ठिपका होता, परंतु तो केवळ शाकाहाराची खूण. कांदा-लसणाविषयी तो काही सांगत नाही.

"आई, हे तुम्ही घेऊ नका," सून म्हणाली.

आजींनी ताट बाजूला सारले आणि नातवाकडे पाहिले. "माझा नेम वाचला, बाळ. पण ज्यांनी दुकानात विचारून ही पुडी नेली, त्यांना तू काय सांगितलेस?"

नातू निरुत्तर झाला. पुडी न वाचताच 'कांदा-लसूण नाही' असे त्याने अनेकांना सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी वही उघडून त्याने एकेका घरी फोन केला, चूक कबूल केली आणि पैसे परत दिले. बहुतेकांनी समजून घेतले. एक जुने गिऱ्हाईक मात्र पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाही.

"त्यांचे बरोबर आहे," एवढेच आजी म्हणाल्या.

आता निव्वळ पानांची बरणी वेगळ्या फळीवर असते, आणि नवा माल आला की फळीवर मांडण्यापूर्वी नातू प्रत्येक पुडी उलटून वाचतो.