नमुन्याची सही

बी.कॉम. होऊन वीस वर्षं काउंटरवर घालवलेला माणूस सिनेमाही सही पडताळल्यासारखाच पाहतो. चरित्रपट म्हणजे तरी काय, चेकच. खातेदाराची नमुन्याची सही प्रेक्षकाच्या डोक्यात आधीच असते. जुळली नाही की चेक परत, रक्कम कितीही मोठी असो!

२०२२ सालचा ‘सम्राट पृथ्वीराज’ घ्या. पृथ्वीराज चौहान ११९२ साली गेले ते ऐन तरुणपणी, आणि अक्षयकुमार तेव्हा चौपन्न वर्षांचे. महाल, घोडे, तलवारी सगळं चोख. पण सम्राट सिंहासनावर बसले की मला आमचे निवृत्तीला टेकलेले साहेब आठवत. (साहेबांपेक्षा ते चपळ, हे मान्य.) मग लढाईत आम्ही जीव मुठीत धरायचा तो कुणासाठी?

नुसत्या वयाचं म्हणाल, तर आमच्या झाडीपट्टीत मंडईच्या रात्री पन्नाशीचा नायक कॉलेजात जातो आणि आम्ही पहाटेपर्यंत हलत नाही. पण त्या नायकाची सही कुणी पाहिलेली नसते ना!

बाबासाहेबांची भंडाऱ्यानं पाहिली होती. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत ते इथून उभे राहिले, आणि आम्ही त्यांना पाडलं. ही नोंद अजून खुपते. जब्बार पटेलांनी त्यांच्या भूमिकेला केरळचे मामुट्टी घेतले, तेव्हा मी मनातल्या मनात चेक परतीचा शिक्का उचललाच होता. सिनेमा टीव्हीवर लागला. त्या निवडणुकीतल्या सभेला गेलेले गल्लीतले एक आजोबा शेजारी बसले होते. पडद्यावर तो चष्मा, ती करडी नजर दिसली आणि आजोबांनी बसल्या जागी हात जोडले. मामुट्टींना मराठी येतं का, हे त्यांनी विचारलंही नाही.