शिस्त

महाविद्यालयात असताना राष्ट्रीय छात्रसेनेत आम्ही दोन वर्षे काढली, ती मुख्यतः कवायतीनंतर मिळणाऱ्या न्याहारीच्या लोभाने. नेमबाजीच्या पहिल्याच दिवशी उस्तादांनी हुकूम सोडला, ‘शिस्त लो!’ जमिनीवर पालथे पडलेल्या आम्हां मराठी मुलांनी पाय जुळवले, अंग ताठ केले आणि चेहऱ्यावर गांभीर्य आणले. शिस्त म्हणजे याहून वेगळे काही असू शकते हे आमच्या गावीही नव्हते. उस्ताद पोट धरून हसले. शिस्त म्हणजे नेम, हे त्या दिवशी कळले. लष्करी हिंदीत तो अर्थ आजही रोजच्या वापरात आहे. आपल्या बोलण्यात मात्र वळणाचा, वागणुकीचा अर्थ उरला. या दोन अर्थांत काही नाते असेल असा विचार तेव्हा मनात येण्याचे कारण नव्हते. तो आला तीस वर्षांनी, पेनसिल्व्हेनियाच्या उत्तर भागातील एका डोंगरउतारावर, हातून एक चूक झाल्यानंतर.

चूक ज्या रायफलीने झाली ती आमच्या सासऱ्यांची. जात ली-एनफिल्ड, क्रमांक चार, .३०३ बोअर, वजन चार किलोंच्या वर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे कारखाने अपुरे पडू लागले तेव्हा लेंड-लीज कायद्याखाली सॅव्हेज कंपनीने मॅसॅच्युसेट्स राज्यात अशा सुमारे दहा लाख रायफली बनवून दिल्या. माल उसनवारीचा, म्हणून त्यांवर ‘अमेरिकेची मालमत्ता’ असा शिक्का मारलेला असे. आमच्या रायफलीवर तो अजून वाचता येतो. युद्ध संपल्यावर ब्रिटनला नको झालेल्या रायफली समुद्र ओलांडून परत आल्या आणि स्वस्तात विकल्या गेल्या. १९६८च्या कायद्यापूर्वी अमेरिकेत परराज्यातून टपालाने बंदूक मागवता येत असे. सासऱ्यांनी ही तशीच, गिरणीतल्या पहिल्या पगारातून मागवली. नवी शिकारी रायफल परवडत नव्हती, एवढेच तिच्या निवडीचे कारण.

योगायोग असा की ‘थ्री नॉट थ्री’ हा शब्द आमच्या घरात त्याआधीपासून होता. आमचे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीच्या आघाडीवर गेले होते. याच आघाडीवर १९४४ मध्ये यशवंत घाडगे व १९४५ मध्ये नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्यांना तो मरणोत्तर मिळाला. आजोबा लढाईविषयी कधी बोलले नाहीत. बोलले ते रायफलीच्या निगेविषयी. दोरी, तेल आणि चिंदी. ‘नळीला आधी उकळतं पाणी पाजायचं, मग चिंदी, मग तेल,’ असे ते गाईच्या बाळंतपणाविषयी बोलावे तशा मायेने सांगत. जुन्या काडतुसांच्या टोपीतील क्षार नळीत उरतात आणि ती गंजवतात. ते फक्त पाण्यानेच धुऊन निघतात. रायफल सरकारची, ती गावी येण्याचा प्रश्नच नव्हता. आजही .३०३ बोअरची रायफल भारतात सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सासरे स्वयंपाकघरात किटली चढवून रायफलीच्या नळीत आधण ओतताना आम्ही पाहिले, तेव्हा क्षणभर बोलता येईना. एक माणूस कोयनेकाठचा, दुसरा सस्केहानाकाठचा. दोघांची भेट होणे कधीच शक्य नव्हते.

सासऱ्यांनी आम्हांला शिकार शिकवली. आमच्या पिढीच्या मराठी माणसाला शिकार ही वाचायची गोष्ट. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती आपल्याकडे बंद केली आणि ते योग्यच झाले. पेनसिल्व्हेनियाची कथा निराळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे पांढऱ्या शेपटीचे हरीण जवळपास संपले होते. १८९५ मध्ये राज्याने वन्यप्राण्यांसाठी आयोग नेमला, पुढे परराज्यांतून हरणे आणून सोडली आणि शिकारीला ऋतू व मर्यादा घातल्या. लांडगे व डोंगरी सिंह तोवर नाहीसे झालेले होते. हरणे वाढली, इतकी की ओकची रोपटी हातभर होण्याआधीच खुडली जाऊ लागली. आता रान राखायचे तर हरणांवर कोणीतरी वचक ठेवला पाहिजे, असा तिथला हिशेब आहे. हा हिशेब आम्हांला पटतो. तरी दर वर्षी परवाना काढताना हात क्षणभर थांबतो, हेही कबूल केले पाहिजे.

या रायफलीला दुर्बीण नाही. डोळ्याजवळ लोखंडी पट्टीतले एक बारीक भोक आणि नळीच्या टोकाशी एक पातळ उभा खुंट, ज्याला जुने शिकारी माशी म्हणत. भोकातून पाहायचे, माशी मधोमध आणायची आणि तिचे टोक हरणाच्या पुढच्या पायामागे, जिथे काळीज व फुप्फुसे असतात तिथे टेकवायचे. ऐकायला सोपे आहे. अडचण डोळ्याची आहे. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. भोक, माशी आणि हरीण या तिन्ही गोष्टी एकदम स्पष्ट दिसणे शक्य नाही. त्यांतली माशीच स्पष्ट दिसली पाहिजे, भोक धूसर झाले पाहिजे आणि हरीणही थोडे धूसर झाले पाहिजे. नवशिक्या हमखास हरणाकडे पाहतो आणि चुकतो. ‘हरीण आधी पोटभर पाहून घे,’ सासरे सांगत, ‘वय पाहा, मागे काय आहे ते पाहा, मारायचे की नाही ते ठरव. एकदा माशीकडे नजर गेली की मग ठरवायला वेळ नसतो.’

दुसरा नियम अंतराचा. ऐंशी पावले. त्यापलीकडे माशीच हरणाचा बराचसा भाग झाकून टाकते आणि हाताचा किंचित कंप काळजाचे पोट करतो. ही रायफल युद्धात याच्या कितीतरी पट लांबवर वापरली जाई आणि तिच्या मागच्या पट्टीवर तेराशे यार्डांपर्यंतचे आकडे कोरलेले आहेत. सासरे ते आकडे दाखवून म्हणत, ‘हे माणसांसाठी आहे.’ गोळीचेही तसेच. हरणावर सैनिकी, पूर्ण कवचाची गोळी चालवणे तिथे बेकायदा आहे, कारण ती आरपार जाते आणि जनावर लांब जाऊन कुढत मरते. टोक उघडे असलेली, आत जाऊन फुलणारी गोळीच वापरावी लागते. तशीच .३०३ची गोळी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात तयार झाली होती, आणि १८९९च्या हेग परिषदेतील जाहीरनाम्याने अशा गोळ्या युद्धात माणसांवर वापरण्यास मनाई केली. जी गोळी माणसाला क्रूर ठरली तीच हरणाला दया ठरते. या वाक्यातले दुःख नेमके कुठे आहे ते आम्हांला अजून नीट सांगता येत नाही.

सासरे २०१४ च्या वसंतात गेले. त्या हिवाळ्यात आम्ही प्रथमच एकटे त्यांच्या जागेवर, हेमलॉकच्या जुन्या बुंध्याशी बसलो. कायद्याप्रमाणे अंगावर नारिंगी जाकीट, डोक्यावर नारिंगी टोपी. दिवस मावळतीला गेला तेव्हा ओढ्यापलीकडे एक मादी आली. मादीचा स्वतंत्र परवाना खिशात होता. ती जवळ येईना. वाट पाहायला हवी होती, किंवा उठून घरी जायला हवे होते. पण घरी सासूबाई होत्या, मेहुणा होता, आणि त्या वर्षी रिकाम्या हाताने परतू नये असे आम्हांला वाटले. त्यांच्या रायफलीची लाज राखायची, अशी काहीतरी वेडगळ भावना मनात होती. आम्ही माशी टेकवली आणि चाप ओढला.

मादी पाठीची कमान करून उडाली आणि झाडीत गेली. जागेवर जाऊन पाहिले तर बर्फावर फेसाळ, गुलाबी रक्त नव्हते. गडद रक्त होते आणि त्यात हिरवट कण. ज्याला हे वाचता येते त्याला पुढचे सांगावे लागत नाही. गोळी पोटात बसली होती. अशा वेळी लगेच मागे लागू नये, जनावर बसू द्यावे. मेहुण्याला बोलावले, रायफल गाडीत ठेवली आणि कंदील घेऊन रात्री उशिरापर्यंत शोधले. माग ओढ्यात हरवला. सकाळी ती सापडली, आम्ही थांबलो होतो तिथून फार लांब नव्हे. रात्रीतून कोयोटींनी मागचा भाग खाल्ला होता. मेहुणा काही बोलला नाही. परतताना आम्ही बुंध्यापासून तिच्या जागेपर्यंत पावले मोजली. एकशे चौतीस भरली.

त्या पावलांच्या मोजणीत उस्तादांचा हुकूम आठवला. नेम आणि वळण या दोन गोष्टींसाठी एकच शब्द का, ते तिथे कळले. आमची माशी जागेवर होती, श्वास रोखलेला होता, चाप हळू ओढला होता. आमची शिस्त चुकली होती ती त्याच्या कितीतरी आधी, ‘आज काहीतरी घेऊन जायचेच’ असे मनात आले तेव्हा.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे नवे वाटणार नाही. आपल्या महाकाव्यांत मृगया सरळपणे पार पडली असे क्वचितच घडते. दशरथ शब्दवेधी होता. घागर बुडण्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटला आणि श्रावण गेला. कौशल्यात उणीव नव्हती, बाण आवाजावर अचूक बसला. पाहून मग मारावे, एवढेच राहिले. पांडूने मृगाची जोडी पाहिली, पण ती कोणत्या क्षणी आहे ते पाहिले नाही. उलट कालिदासाच्या नाटकात दुष्यंताचा बाण चढलेला असताना तपस्वी आडवे येतात आणि राजा बाण उतरवतो. पुढचे सारे नाटक त्या न सोडलेल्या बाणामुळे घडते. वर्गात हे शिकवताना आम्ही राजाच्या विनयाविषयी बोलत असू. ताणलेली दोरी सैल करायला किती बळ लागते, हे शिकवायचे राहून गेले होते.

त्यानंतरच्या दहा वर्षांत या रायफलीने चार हरणे मिळाली, सगळी ऐंशी पावलांच्या आत. पण या काळात आमची चाळिशी वाढत गेली. माशी डोळ्यापासून पाऊण-एक मीटरवर असते. नेमके तेच अंतर आता धूसर होते. बारीक भोकातून पाहिल्याने डोळ्याला थोडी मदत मिळते, पण संधिप्रकाशात तीही पुरत नाही. गेल्या हंगामात एक नर साठ पावलांवर, आडवा, निवांत उभा राहिला. हरीण स्वच्छ दिसत होते. कानातले केस दिसत होते. माशीच्या जागी नुसती काळसर छाया होती. आम्ही रायफल खाली घेतली. तो आणखी बराच वेळ चरत राहिला.

घरी आल्यावर मेहुणा म्हणाला, ‘दुर्बीण बसव, नाहीतर थांब.’ त्याचे बरोबर आहे. दुर्बिणीत हरीण आणि नेम एकाच प्रतलात दिसतात, म्हाताऱ्या डोळ्यालाही. लोखंडी माशीचा अभिमान हरणाच्या पोटावर मिरवता येत नाही. पुढच्या हंगामात आम्ही त्याची दुर्बिणीची रायफल मागून घेणार आहोत. अंतर मात्र ऐंशी पावलांचेच ठेवू.

सासऱ्यांची ली-एनफिल्ड आता आमच्या मुलीने मागितली आहे. ती एकोणीस वर्षांची आहे आणि शिकारीचे शिक्षण तिने रीतसर पुरे केले आहे. परवा ती एकटीच त्या उतारावर जाऊन आली. काय केलेस असे विचारले तर म्हणाली, ‘बुंध्यापासून चारी बाजूंना पावलं मोजली आणि झाडांना खुणेच्या फिती बांधल्या.’ आम्ही किटलीत पाणी चढवले आणि नळीला आधी काय पाजायचे ते तिला मराठीत सांगितले.