उतरणाऱ्याने थांबायचं

चि. मनू,


जगदलपूरला रुजू झालीस, पाठोपाठ गाडीही घेतलीस. तुझ्या बाबाने फोनवर किंमत, रंग, मायलेज सगळं ऐकवलं, पण घाटाचं नाव काढलं नाही. म्हणून ते मी काढते. आणि हे पत्र सगळ्यांनी वाचावं असं लिहिते, कारण रायपुरातल्या निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी आता बस्तरकडे नोकरीला आहे.

तू गाडी शिकलीस ती तात्यापाऱ्याच्या गल्ल्यांत आणि नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांवर. गर्दीतून गाडी काढणं तुला येतं, मोकळ्या रस्त्यावर पळवणंही येतं. पण आपला मुलूख सपाट, भातखाचरांचा. रायपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवर, जगदलपूर साडेपाचशेवर. धमतरी, कांकेरपर्यंत रस्ता तुला काही विचारत नाही. कांकेर मागे पडलं की केशकालचा घाट, बारा वळणांचा, एकदम समोर उभा राहतो. गंमत म्हणजे उत्तरेला जबलपूरच्या वाटेवर लागणारा चिल्फीचा घाटही याच राष्ट्रीय महामार्ग ३० वर. दोन घाटांच्या मधे राहून आपण रायपूरकर घाटाच्या बाबतीत कोरेच.

एक गोष्ट नीट लक्षात घे. जाताना तुला चढायचं आहे, घरी येताना उतरायचं आहे. चढताना चूक झाली तर बहुतेक वेळा गाडी बंद पडते, मागचे हॉर्न वाजवतात, तेवढंच. उतरताना तसं नसतं. आणि नेमकं उतरतानाच मन आधी घरी पोचलेलं असतं, कारण दिवाळी असते, कुणाचं लग्न असतं, आईने तीनदा फोन केलेला असतो.

ज्या गिअरमध्ये घाट चढलीस, त्याच गिअरमध्ये उतर. ऑटोमॅटिक असेल तर खालचा गिअर धरून ठेवायची सोय गाडीत असते, ती निघण्यापूर्वी शोधून ठेव. इंजिनानेच गाडी आवरली पाहिजे. ब्रेक मधूनमधून, थोडा दाबून सोडायचा. सतत पाय ठेवलास तर लायनर तापतात, जळका वास सुटतो, आणि फारच तापलं तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ होते. मग पेडल तळाला जातं, गाडी मात्र थांबत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे महाभाग तुला भेटतील, मोठ्या अभिमानाने सांगतीलही. त्यातले काही तर इंजिनही बंद करतात. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत संपते, पेडल ताठ होतं, स्टिअरिंग जड होतं. बोरघाटात ब्रेक फेल झालेल्या ट्रकच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो, त्यातल्या कितीतरी अशाच न्यूट्रलच्या असतात.

वाटेत तेलीन सती मातेचं मंदिर लागेल. ट्रकवाले तिथे थांबून हात जोडतात. बोरघाटात शिंगरोबाला नाणं टाकतात, तसंच. तूही थांब. श्रद्धेचं तुझं तू बघ, पण तेवढ्या वेळात ब्रेक थंड होतात आणि डोकंही.

आता रीतभात. अरुंद चढावर समोरासमोर आलात तर वाट चढणाऱ्याची. उतरणाऱ्याने बाजूला थांबायचं. २०१७च्या मोटार वाहन चालन विनियमांतही चढणाऱ्यालाच प्राधान्य आहे. कारण उघड आहे: भरलेला ट्रक चढावर थांबला की त्याला पुन्हा उचलताना क्लच जळतो, नाहीतर गाडी मागे घसरते. त्यात आपल्याकडे खनिजाचे लांबलचक ट्रक. अशा ट्रकला वळणावर अख्खा रस्ता लागतो. तो तुझ्या बाजूला आला म्हणून चिडू नकोस, वळणाच्या अलीकडेच थांब. ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर त्याचा अर्थ ‘ये, पुढे जा’ असा असतो किंवा ‘मी वळतोय’ असाही असतो. इंडिकेटरवर विश्वास ठेवून ओव्हरटेक करायचं नाही. पुढचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसला तरच. आंधळ्या वळणावर दिवसा हॉर्न, रात्री डिपर. आणि वळणावर गाडी उभी करून फोटो काढणाऱ्यांत मला तू दिसता कामा नयेस.

सगळ्यात जास्त राग मला तिसऱ्या रांगेचा येतो. घाटात एखादा ट्रक बंद पडतो, मागे रांग लागते, इथपर्यंत ठीक. मग छोट्या गाडीवाल्यांना वाटतं, आपण कशाला थांबायचं? एक जण उजवीकडून सुटतो, त्याच्या मागे दहा. समोरूनही तसेच दहा आलेले असतात. नाकाला नाक लागतं, मागे कुणालाच सरकता येत नाही, आणि तासाभराचं काम रात्रभराचं होतं. त्या रांगेत कुठेतरी बस्तरहून रायपूरच्या मेकाहारा रुग्णालयात किंवा एम्सला पाठवलेला पेशंट ॲम्ब्युलन्समध्ये पडलेला असतो. गाडीत पाणी आणि बिस्किटं ठेव, आणि रांगेतच राहा. शिकलेली माणसंच आधी रांग मोडतात, हे माझं मत मी बदलणार नाही. आणखी एक: ट्रकवाले चाकाला लावलेले दगड काही वेळा तिथेच टाकून निघून जातात. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव त्यात जातो. तू चाकाला दगड लावलास तर निघताना उचलून कडेला टाक.

बाजाराच्या दिवशी माणसांनी भरलेले पिकअप दिसतील. मालाची गाडी, त्यात उभी माणसं. २० मे २०२४ला कबीरधाम जिल्ह्यात बाहपानीजवळ तेंदूपानं तोडून परतणाऱ्या बैगा मजुरांचा असाच पिकअप दरीत गेला. १९ जण गेले, बहुतेक बायका. अशा गाडीला मागून हॉर्न मारून घाई करायची नाही. तिला जाऊ दे, तू मागे राहा.

तुझ्या बाबाला आणि आईला मी बजावून ठेवलं आहे, तू निघालीस की ‘कुठवर आलीस’ म्हणून फोन करायचा नाही. बाकीच्या आईबापांनाही हेच सांगणं आहे. महामार्गावर अडचण आली तर १०३३ फिरव. आणि केशकालला पोचेपर्यंत अंधार पडला, पाऊस असला, तर घाट उतरू नकोस. वरच कोंडागावला किंवा केशकालला मुक्काम कर आणि सकाळी ये.

तुझी,
आत्या
रायपूर