अब्बांची वही

सेमाडोहला आमच्या अब्बांचे किराण्याचे छोटे दुकान होते. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, सिपनेच्या काठचे हे गाव. बाहेरचे लोक येतात ते मेळघाटचा वाघ पाहायला. अब्बांकडे येत ते मीठ, तेल, तंबाखू घ्यायला आलेले कोरकू. चाळीस वर्षांत अब्बा त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत हिशेब करू लागले. उधारीच्या वहीच्या मागल्या पानांवर ते कोरकू शब्द उर्दू लिपीत लिहून ठेवत. कुला म्हणजे वाघ, डा म्हणजे पाणी. उर्दूत न बसणाऱ्या उच्चारांसाठी त्यांनी स्वतःच्या खुणा ठरवल्या होत्या. शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्षर असे, की बी.एड.ला फळालेखनात मिळालेल्या गुणांची आम्हाला शरम वाटावी.

एका पावसाळ्यात वहीला वाळवी लागली. तेव्हा आम्ही ठरवले, हे संगणकात घालायचे. अचलपूरच्या ज्या उर्दू शाळेत आम्ही शिकवतो, तिथे प्रश्नपत्रिकांसाठी उर्दू टायपिंगचा एक प्रोग्राम रीतसर बिल घेऊन विकत आणलेला होता. संगणकाच्या मागे अंगठ्याएवढे ‘लॉक’ खोचल्याशिवाय तो सुरूच होत नसे. दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या आम्ही शब्द टंकत होतो आणि अब्बा शेजारी बसून उच्चार सांगत होते. नमुन्याला एक पान छापून त्यांना दिले. ते त्यांनी दुकानात गल्ल्याच्या वर चिकटवले.

अब्बा गेले. वर्षभराने ते लॉक खराब झाले. विकणाऱ्याला फोन केला, तर तो प्रोग्राम कंपनीने बंद केलेला. नवे लॉक मिळणार नाही. फाइल आमच्या पेन ड्राइव्हमध्ये होती. दुसऱ्या कशातही उघडली, की चौकोन आणि रोमन अक्षरांचा कचरा. वहीची पाने वाळवीने खाल्ली होती आणि जे वाचवले म्हणून आम्ही निर्धास्त होतो, ते आमच्याच खिशात असून आम्हाला वाचता येत नव्हते. वाळवीचा एवढा राग आम्हाला कधी आला नव्हता.

उर्दूवाल्यांना संगणकाचे अप्रूप का, हेही सांगितले पाहिजे. नस्तालीक लिपी खिळ्यांच्या छपाईत कधी नीट बसलीच नाही. वर्तमानपत्रेसुद्धा कातिब हाताने लिहीत. १९८१ साली पाकिस्तानच्या मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकृती हाताने रेखून ‘नूरी नस्तालीक’ संगणकात आणली, तेव्हा कुठे हे बदलले. एवढे कष्ट करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळावा, यात आम्हाला काही वावगे दिसत नाही. आम्ही पैसे देऊनच घेतले होते. पण पैसे दिले म्हणून अब्बांचे शब्द कंपनीच्या मालकीचे कसे झाले?

आमचा एक जुना विद्यार्थी अमरावतीला इंजिनिअरिंग करतो. ईदला घरी आला, त्याला हे सांगितले. गल्ल्यावरचे ते छापील पान त्याने मागितले. ते पान आणि फाइलमधला कचरा शेजारी ठेवून कोणत्या आकड्यामागे कोणते अक्षर, हे तो पाच दिवस जुळवत बसला. मग स्वतःच एक लहानसा प्रोग्राम लिहून त्याने सगळी यादी युनिकोडमध्ये उतरवली. युनिकोड म्हणजे साऱ्या जगाने मिळून ठरवलेले अक्षरांचे आकडे; ते वापरायला कोणाला काही द्यावे लागत नाही. जाताना तो सहज म्हणाला, “सर, बरे झाले आपल्याकडे यावर पेटंट देत नाहीत.”

त्या एका वाक्याने आम्हाला वाचायला लावले. कॉपीराइट असेल तर दुसऱ्याचा प्रोग्राम उचलता येत नाही, पण तेच काम करणारा आपला प्रोग्राम लिहिता येतो. पेटंट रीतीवरच लागते. दुसऱ्याचे न पाहता तुम्ही स्वतः शोधलेत, तरी गुन्हेगार. जिफ चित्रांमागच्या एका रीतीवर अमेरिकेत असे पेटंट होते. १९९४च्या अखेरीस कंपनीने त्याचे पैसे मागायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी वैतागून पीएनजी नावाची वेगळी, मोकळी पद्धत बनवली. अशा रीतीला इंग्रजीत जो शब्द आहे, ‘अल्गोरिदम’, तो नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-ख्वारिझ्मींच्या नावावरून आलेला. त्यांनी हिंदी अंकांवर पुस्तक लिहिले. अंक इथून गेले आणि जगभर पसरले. परवान्याची गोष्ट निघाली नाही.

आपल्या पेटंट कायद्यात २००२च्या दुरुस्तीने कलम ३(के) आले: गणिती रीत, अल्गोरिदम, निव्वळ संगणक प्रोग्राम यांना पेटंट नाही. २००४च्या डिसेंबरात सरकारने वटहुकूम काढून हे दार किलकिले केले. मार्च २००५ मध्ये डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे संसदेने ती दुरुस्ती गाळली. ऑगस्ट २०१५ मध्ये पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शक सूचनांतून ती मागल्या दाराने येऊ पाहत होती. विरोध झाला, डिसेंबरात सूचना स्थगित झाल्या, फेब्रुवारी २०१६ मध्ये बदलून आल्या. ‘निव्वळ’ या शब्दाचा कीस वकील आजही पाडतात. स्टाफरूममध्ये आम्ही हे सांगू लागलो, की सहकारी चहा घ्यायला उठतात.

यादी परत मिळाली, पण अब्बांच्या स्वतःच्या खुणा त्यात उतरल्या नाहीत. त्या प्रोग्रामने त्या कुठे कशा ठेवल्या होत्या, ते त्या पोरालाही उकलले नाही. छापील पानावर होत्या तेवढ्याच वाचल्या.

दिवाळीच्या सुट्टीत यादी छापून आम्ही सेमाडोहला गेलो. अब्बांची एक जुनी गिऱ्हाईक, आम्ही तिला माय म्हणतो, ओट्यावर येऊन बसली. आम्ही शब्द वाचायचे, तिने दुरुस्त करायचे, आम्ही नव्या वहीत पेन्सिलीने खूण घालायची. एका शब्दाला ती हसतच सुटली. म्हणाली, “हा तुझ्या अब्बाला कधीच धड बोलता नाही आला.” तो आम्ही तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला.